नाव ठेवू नका

औशाच्या स्टँडसमोर माझं दुकान :
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील.
अकरा वर्षांत अर्ध्या तालुक्याची जन्मतारीख
या बोटांनी टाइप केली.
काल पहिल्यांदा माझी.
शटर अर्धं ओढलेलं, पंखा बंद, डास.
भूगर्भशास्त्राची ओळख. बारा आठवडे. विनामूल्य.

नाव : पद्मिन धोंडीराम बिराजदार.
वय : एकेचाळीस.
शिक्षण : बारावी, कला.
हा अभ्यासक्रम का करू इच्छिता? दोनशे अक्षरांत लिहा.

दुसऱ्यांच्या या रकान्यात मी न बघता लिहिते
‘ज्ञानवृद्धीसाठी’.
काल कर्सर नुसता लुकलुकत राहिला.
मग लिहिलं,
मी नऊ वर्षांची असताना पहाटे जमीन हलली.
आमचं गाव उचलून चार किलोमीटरवर ठेवलं,
ओळीने, नंबर टाकून.
बाई म्हणाल्या देवाची मर्जी, सरपंच म्हणाले धरण,
पत्र्याच्या शेडातल्या डॉक्टरांनी अर्धी गोळी दिली.
ती का हलली, हे मला

इथे लाल अक्षरं आली : मर्यादा ओलांडली.
सगळं खोडलं.
ज्ञानवृद्धीसाठी.

पहिला धडा. रेंज जात-येत होती.
रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीपाशी एक पोरसवदा मॅडम,
माइकमध्ये वारा भरलेला :
एक दगड घ्या, घरातलाच.
रंग बघा, वजन करा, खिळ्याने, नाण्याने ओरखडा.
घाई नको. आधी नीट बघा,
एवढ्यात नाव ठेवू नका.

मी एकटीच हसले दुकानात.
बाई, आमच्याकडं हेच तर कुणाला जमलं नाही.
नवऱ्याचं घर सोडून आले, ठेवलं.
दुकान टाकलं, ठेवलं.
रात्री उशिरा दिवा दिसला, त्यालासुद्धा.

घरी जाऊन न्हाणीतली वजरी आणली,
टाचा घासायची.
काळी. ओली असताना जास्तच काळी.
अंगभर भोकं; सव्वीसपर्यंत मोजली आणि चुकले.
खिळा हरला. नाण्याने ओरखडलं
तर नाणंच तिच्यावर थोडं उतरलं.
एका भोकात पांढरं काहीतरी बसलेलं,
त्यावर लिंबू पिळलं :
अगदी बारीक, कान लावला तरच, फसफसलं.

मॅडम सांगत होत्या, ही भोकं म्हणजे बुडबुडे.
रस थंड होत आला तेव्हा
ज्या हवेला बाहेर पडायला उशीर झाला, तिची जागा.
साडेसहा कोटी वर्षं.
मी शून्यं मांडून आकडे मोजले. आठ.
मोबाइल नंबरापेक्षा दोन कमी.

सकाळी बोरच्या गाडीवरचा दस्तगीर आला, परवान्याच्या प्रती काढायला.
‘काय लिहायलीस अक्का?’
वजरी त्याच्या हातात दिली.
त्याने ती झेलून पाहिली, अंगठा फिरवला.
‘ह्यो तर मांजऱ्या. वर मुरूम, मग ह्यो, मग काळा,
मग गेरूचा पट्टा. गेरू लागला की बिट अडकतंय बघ,
पुन्हा खाली काळाच.
असं किती थर हायेत, कुणी मोजलेत?’
पुढच्या तीन आठवड्यांचा अभ्यास
त्याने उभ्याउभ्या म्हणून टाकला,
झेरॉक्सचे सहा रुपये दिले, गेला.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. यादी खाली सरकवत गेले.
नववा आठवडा : भूकंप.
पुढे कुलपाचं बारकं चित्र.
तीनदा बोट लावलं. उघडलं नाही.
बरंय. बत्तीस वर्षं थांबलेच आहे,
त्यात आठ आठवडे.

गृहपाठ पाठवला.
रंग : काळा.
वजन : एकशे ऐंशी ग्रॅम, शेजारच्या किराणाच्या काट्यावर.
कुठे सापडला : न्हाणीत.
नाव :

दस्तगीरचं उत्तर माहीत असूनही
तो रकाना मोकळा ठेवला.