शेणातला मका

सातेरीनं पुडी आणली खानापुरातनं.
वर कन्नड, पाठीमागं इंग्रजी,
मधे एक गाय, हसणारी.
एन्झाइम म्हणाला. चमचाभर, खुराकात कालवून.

मी म्हटलं, बघू की.

शेण धुऊन चाळणीत बघायची मी, रोज.
आधी अख्खा मका,
पेरला तर उगवेल असा.
आठव्या दिवशी फुटकी टरफलं.
विसाव्याला काहीच नाही,
नुसतं मऊ शेण,
शेणी थापायला गुमान बसणारं.

डेअरीत इराण्णानं माप दोनदा बघितलं,
'अर्धा लिटर जास्ती, अक्का.'

फक्त उकिरड्यावर
तांबडी कोंबडी उकरते, थांबते,
परत उकरते,
मान वाकडी करून
माझ्याकडंच बघते,
तिच्या तोंडचं मीच काढून घेतल्यागत.