एकवीस डिसेंबर, दुपारचे बारा

सावलीलाही इथे हद्द असते.
वर्षातल्या सगळ्यात आखूड दिवशी, भर बाराला,
शेजारणीच्या कुंपणापलीकडे
ती किती लांब पडावी, हे नियमात लिहिलंय.
म्हणून मी टेप घेऊन चिखलात उभी,
ओरेगॉनच्या थंडीत.

मारिट हाउगेनच्या छपरावर नवी सौर पॅनेलं,
आणि त्यांच्यावर आडवा पडलेला
ऑर्विलच्या कॉटनवुडचा सांगाडा.
पान एक नाही. तरी सावली पडते,
अकरा घरट्यांसकट.

"बगळे फेब्रुवारीत येतात," ऑर्विल म्हणतो.
"बिल दर महिन्याला," मारिट म्हणते.
खोटं कुणीच बोलत नाही, हीच पंचाईत.

दुसरा नियम: ओढ्याच्या काठापासून
पन्नास फुटांत कुऱ्हाड चालवायची नाही.
नकाशात झाड बावन्न फुटांवर.
दोन फुटांनी बेवारस.

पण मागच्या पुरात काठ खचला.
मी टेप लावते नव्या, ओल्या कडेला:
सत्तेचाळीस, वर थोडं.
ऑफिसात नकाशाच विचारतील, ठाऊक आहे.
ओढ्याला तो कुणी दाखवला होता?

टेपचं दुसरं टोक
मारिटनेच धरलंय बुंध्याशी, घट्ट,
हातमोजा काढून.
"नीट वाच," ती म्हणते.