टिटवीचं तोंड

जिनिंगमधल्या वसीम मेकॅनिकनं
बेअरिंग कंपनीचं कॅलेंडर आणून दिलं वडिलांना.
बारा महिने, बारा जनावरं,
जपानात कधीकाळी लाकडावरून छापलेली,
आणि खाली मानवतच्या डीलरचा फोन नंबर.

वडील ठसे कोरायचे, जाजमांचे, पलंगपोसांचे.
चौफुला, शंकरपाळी, बुट्टी, परत चौफुला.
त्यांनी चित्र नाही बघितलं, काम बघितलं.
मांजराच्या मिशीवर नख ठेवून म्हणाले,
"हे केस कोरले नाहीत पोरी.
केसाच्या आजूबाजूचं समदं काढून टाकलंय."
मग बराच वेळ गप्प,
परमुलखात अचानक भावकीतलं कुणी भेटावं तसे.

जानेवारीत कावळा होता.
वाकलेली फांदी, पाठीवर बर्फ.
आम्हाला ठाऊक असलेला बर्फ रसवंतीवरचा,
गोणपाटात, भुश्श्यात गुंडाळलेला.
पण जिनिंगच्या भिंतीपलीकडं
लिंबावर, तारांवर, पत्र्यांवर
कापूस उडून बसायचा महिनाभर
आणि त्यात कावळे, असेच मान आखडून.
मी म्हणाले, हा तर आपल्याच गावचा.
वडील म्हणाले, "पांढरं छापलंच नाही बघ त्यानं.
कागद तसाच ठिवलाय."

जूनमधला मासा माझ्या गणिताच्या वहीचं कव्हर झाला.
सप्टेंबरचा ससा गवतात बसून चंद्राकडं बघत होता.
आपल्याकडं तो चंद्रातच राहतो,
म्हणून आईला तो पोरका वाटला.
कोल्हा कुठं गेला, आठवत नाही.

दिवाळीनंतर हाताला काम नव्हतं तेव्हा
वडिलांनी शिसवाचे दोन तुकडे तासले.
एकावर मुरूम आणि चार अंडी, डाव्या अंगाला.
दुसऱ्यावर टिटवी,
एक पाय उचललेली, अंड्यांवर नजर.
सव्वीस दिवस लागले.
आधी मुरूम छापला, वर टिटवी दाबली,
ठसा उचलला
तर बाई अंड्यांकडं पाठ करून
कागदाबाहेर निघालेल्या.

वडील हसले. मग हसायचे थांबले.
"चाळीस वर्षं कोरलं," म्हणाले,
"पण फुलाला तोंडच नसतंय.
उलटं झालं तरी फूलच ऱ्हातंय ते."

तो कागद वसीमनं मागून नेला,
प्रेसच्या खोलीत खिळ्याला अडकवला.
"चुकली कुठंय लिंबाजीभाऊ," म्हणाला,
"ड्युटीवर चाललीय."

दुसऱ्या टिटवीला आईचा आरसा लागला.
तो महिनाभर पाटाशेजारी उभा
आणि आई खिडकीच्या काचेत भांग पाडायची,
रोज थोडा वाकडा.
कोरताना वडील एकदा लाकडाकडं बघत, एकदा आरशात,
आणि मध्येच विळ्यानं पेन्सिल तासत बसत,
गरज नसताना.

ते दोन्ही ठसे आता माझ्याकडं आहेत, परभणीत,
कपाटात, जुन्या ओढणीत.
कधी काढून बघते.
अंडी एका लाकडावर, ती दुसऱ्यावर,
तोंड भलतीकडं, एक पाय उचललेला,
चाललेली.
शाई लावून, तळव्याचा जोर देऊन
कागदावर दाबल्याशिवाय
ती माघारी फिरत नाही.