कंट्री

‘कंट्री सिंगर’ असं लाल अक्षरांत छापलं
ही माझी पहिली चूक.
मरोळ नाक्यावर बॅनर चढला
आणि दुपारी बाराच्या आत
एक माणूस दुकानात येऊन विचारून गेला,
‘बार कधी उघडतो?’

आमच्याकडे कंट्री म्हणजे ती एकच,
संत्र्याचं चित्र असलेली.
ऑल्विटा हसली.
ती हसली की गिटार पोटावर हलते,
पट्टा तुटलाय, सुतळीने बांधलाय.

मी फ्लेक्सवाला.
वीस वर्षं वाढदिवस छापतोय
नगरसेवकांचे, भावी नगरसेवकांचे,
भावी नगरसेवकांच्या भाच्यांचे.
माणूस मोठा कसा करायचा मला पाठ आहे :
कमरेत कापायचा, मागे सूर्य ठेवायचा,
खाली शुभेच्छुकांची रांग.

हिला शुभेच्छुकच नव्हते.
मग मी टाकले :
मी, मशीनवरचा पोऱ्या,
हिची मावशी फिलोमिना,
इस्त्रीवाला (त्याला विचारलं नाही)
आणि जागा उरली म्हणून टायगरभाई, गल्ली नंबर तीन.
टायगरभाई कुत्रा आहे.
चार जणांनी मला त्यांचा मोबाइल नंबर मागितला.

‘सूर्य काढ ना, अंकल,’ ती म्हणाली,
‘मी सकाळची गाणी म्हणत नाही.
मी म्हणते ती रात्री तीनची.’

तिचं एक गाणं आहे, बापाच्या टेम्पोचं.
वसईहून दादरला फुलं नेणारा,
ओल्या गोणपाटाखाली मोगरा,
पुढे बाप, मध्ये ती, झोपलेली.
मग कर्ज वगैरे, ते ती गात नाही.
एवढंच गाते
की टेम्पो विकला त्या दिवशी
बाप चावी देऊन आला
आणि किचेनमधली मदर मेरी
काढून घ्यायची राहिली.

हे ती वसईकडच्या बोलीत म्हणते.
मला अर्धं कळतं.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मशीन चालू होतं,
एका साहेबांचा जबडा
दोनदा छापून गेला.

चर्चच्या हॉलमध्ये पहिला कार्यक्रम.
खुर्च्या साठ. माणसं चौदा,
त्यात मावशीच्या प्रार्थनामंडळाच्या नऊ
आणि मागे, पंख्याखाली,
तो बारवाला माणूस.
कुणी हाकललं नाही. मीही नाही,
चौदाचे तेरा कोण करणार?

टेम्पोचं गाणं अर्ध्यावर आलं
आणि तो मोठ्याने म्हणाला,
‘नंबर काय होता?’

मावशीने मान वळवून असं पाहिलं
की मी असतो तर घरी गेलो असतो.
ऑल्विटाची बोटं थांबली.
मग तिने नंबर सांगितला.
म्हणजे, गायला.
एमएच, चार, एकेक आकडा
पुलावरून जड गाडी उतरते तसा,
हळू, गिअर न सोडता.

तो उठला, म्हणाला, ‘बरोबर,’
आणि बसला.
काय बरोबर, देव जाणे.

मी उधारीची वही उलटी करून
मागच्या पानापासून तिचे लोक लिहितो.
पुढून येणं, मागून आलेले.
डिसेंबरात तेवीस होते, मावशी धरून.
मग साकीनाक्याला रिक्षावाल्यांच्या युनियनने बोलावलं,
मग भाईंदरला एका बारशाला,
आणि हल्ली हे होतं :
टेम्पो सुरू झाला की मागून कुणीतरी
‘नंबर!’ म्हणून ओरडतं,
मग चार जण, मग सगळे,
आणि ती गाते. रिक्षावाले तर
आपापल्या गाडीचेही जोडतात,
ती तेही गाते.
मी असलं काही छापलं नव्हतं.

काल दोनशे बारा झाले.
परवा नवीन बॅनर करायचाय.
मी म्हटलं, ‘कंट्री’ काढू या, लोकांचा घोटाळा होतो.
‘राहू दे,’ ती म्हणाली, ‘घोटाळ्यानेच एक आला.’

त्याचं नाव आम्हाला माहीत नाही.
फेब्रुवारीनंतर दिसलाही नाही.
नाक्यावरच्या दुकानदारांना विचारलं,
तसली माणसं खूप, म्हणाले.
वहीच्या शेवटच्या पानावर,
म्हणजे पहिल्या,
एक नंबरपुढे लिहून ठेवलंय :
बार कधी उघडतो.