पाटी बदलताना

वूचमधल्या आमच्या संग्रहालयात यंदा ठरलं:
भिंतीवर काय लावायचं ते पहारेकऱ्यांनी निवडायचं.
संचालकांनी कॉफी पाजली, भाषण केलं.
बोगुस्वावा घड्याळ बघत होती;
पावणेपाचची ट्राम.

तळघरात तैलचित्रांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.
सगळ्यात खालचा खण ओढला,
हातभर कापड काढलं, उलटं केलं
आणि त्या उलट्या बाजूवरच वाकून राहिली.

मी पाटी वाचून दाखवली: विणकर अज्ञात.
‘अज्ञात कसली? डावखुरी होती.
ही गाठ बघ. इथे धागा तुटला,
मुकादम पाठीशी उभा असणार, घाईत सांधलाय.
मग जेवणाचा भोंगा.
इथून पुढे वीण सैल, भरल्या पोटाची.’

एकवीस वर्षं ती गिरणीत होती,
मग गिरणी बंद, मग आमच्या दाराशी खुर्ची.
अकरा वर्षं मी तिला
‘आज गर्दी किती?’ एवढंच विचारत आलो.

कापड आता तिसऱ्या दालनात आहे, उलटं टांगलेलं.
नव्या पाटीवर काय लिहावं
यासाठी तीन बैठका झाल्या.
तिला वेगळं बोलावणं गेलं नाही.
दार उघडून धरायला
ती होतीच.