तिरपी रेघ

विडी घरकुलात एप्रिलचे साडेतीन.
पंखा पत्र्याचाच ताप खाली ढकलतोय.
अम्माच्या मांडीवर सूप, सुपात तंबाखू,
माझ्या मांडीवर लॅपटॉप, तोही भाजतोय.

मला हवीय एक साधी माळ:
एक, दोन दोन, तीन तीन तीन,
चार चार चार चार,
प्रत्येक आकडा स्वतःइतक्या वेळा.

सवयीनं लिहिलं:
एकापासून फेरा धर,
फेऱ्याच्या पोटात दुसरा फेरा,
मोज, संपलं का बघ, पुढं सरक.
नऊ ओळी. चालल्या.
पण परक्याच्या घरात चपला घालून
फिरल्यासारखं वाटलं.
या भाषेला अख्खी रांग एकदम लागते.

"काय मोजतेस एवढं?" अम्मा, मान खालीच.
सांगितलं.
"मी कुठं मोजते? मूठ भरली की पंचवीस."

नऊ ओळी पुसल्या.
उजवीकडे एकापासूनची रांग,
डावीकडे तीच रांग,
मध्ये एक तिरपी रेघ.
रांगेनं स्वतःलाच विचारलं, किती वेळा?
उत्तरही तिच्याकडंच होतं.

हीच रेघ, डावीकडे नुसते एक आणि शून्य दिले
तर छाट काढते.
एकाचं राहतं, शून्याचं गळतं.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
शनिवारी बत्तुल चेकरच्या अंगठ्याखाली
हजारातल्या साठ-सत्तर तशाच गळतात,
आणि गळलेल्या कुठं जातात
ते रेघही सांगत नाही, बत्तुलही.

मोजणी शून्यापासून लावून पाहिली.
काही बिघडलं नाही.
शून्य शून्य वेळा आलं,
म्हणजे आलंच नाही;
फक्त शेपटाचा आकडा तेवढा कमी पडला.

"झालं?"
"झालं. सात अक्षरं."
तिनं कात्री थांबवली. पहिल्यांदाच.
"मग मजुरी सात अक्षरांची
का त्या नऊ ओळींची?"

मला हसू आलं, मग आलं नाही.
सातची चार करायची एक युक्ती असते,
एक चिन्ह, जे रांगेला दोन्ही हातांनी
स्वतःचीच ओळख करून देतं.
तेही टाकलं. माळ तीच उतरली.

अम्मा पडद्याकडं वाकली,
बोटाचा तंबाखू काचेला लागला.
दोन टिंबं, खाली नागमोडी ओठ.
"हा कोण गं," म्हणाली,
"तोंड वाकडं करून बघतोय?"