बाहेरचे वेढे

खुर्चीत टेकायच्या आधीच तो बाही वर सारतो.
मी नाव विचारते. नियमच आहे तसा,
जरी शाळेत सहा वर्षं
माझ्या पुढच्याच बाकावर होती त्याची मान.
तैस्तो हेइक्कुरा. फेब्रुवारीतला जन्म.
माझ्याहून अकरा दिवसांनी धाकटा.

त्या साली इथे जन्मलेल्या सगळ्या पोरांची
नोंद आहे आमच्या कपाटात:
जन्मतानाचं वजन, आईची उंची,
कितव्या महिन्यात टाकलं पहिलं पाऊल.
दर पंधरा वर्षांनी बोलावतो त्यांना,
दंडावर रबर आवळतो
आणि रक्तालाच विचारतो, कसं काय चाललंय.

मागच्या खेपेला
शीर दोरखंडासारखी वर आली होती.
अंगाला गिरणीचा वास, उकडून उतरलेल्या कोबीसारखा.
पाहुणे नाक धरायचे.
आम्ही म्हणायचो, पैशाचा वास आहे हा,
घ्या भरून.

चार हिवाळे झाले, हवा स्वच्छ आहे.

आज शीर सापडत नाही.
एकदा टोचलं. दुसऱ्यांदा.
"कोपरात बघ," तो म्हणतो, "सवयीने तिथेच थांबली असेल."
हसतो, तेव्हा खालचे दोन दात नाहीत.
पापण्यांखाली माझ्या वडिलांची सूज,
वडील गेले त्या वर्षीची.

बोलत राहतो. पहाटे चार चाळीसला अजून जाग येते,
गजराशिवाय.
कॉफी ठेवतो. बूट घालतो.
मग बूट काढतो.
रोजगार कचेरीने तीन आठवड्यांचा कोर्स दिला,
बायोडेटा कसा लिहावा याचा.
सव्वीस वर्षांची बाई म्हणाली, तुमची बलस्थानं लिहा.
त्याने लिहिलं:
कागद फाटणार हे मला फाटायच्या आधी
ऐकू येतं.
तिने विचारलं, आणखी काही?

तिसऱ्यांदा मिळाली शीर.
नळी भरते आहे, सावकाश,
आखातावर बर्फ धरतो तशी.

"यातून काय शोधता?"
मी सांगते, डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं तेवढं.
पेशीत धागे असतात. धाग्यांना टोकं.
पेशी दुभंगली की टोक थोडं झिजतं, सगळ्यांचंच.
पण ज्यांचं काम बराच काळ सुटलेलं असतं,
त्यांचं कदाचित जास्त.
कदाचित हा शब्द त्या प्रत्येक वाक्यात घालतात,
आम्ही कॉफीत वेलचीचा पाव बुडवतो तितक्या सहज.

तैस्तो ऐकतो. मग म्हणतो, "म्हणजे बाहेरचे वेढे."

कागदाचं रीळ कारखान्यातून निघालं
की धक्के खातच जातं.
फोर्कलिफ्टचा, डब्याच्या दाराचा, जहाजाच्या कडेचा.
दर मुक्कामाला तीन-चार वेढे फाडून फेकायचे,
आतला कागद कोरा, शाबूत.
म्हणून गुंडाळतानाच
चार वेढे जास्तीचे धरायचे.

मला बरं वाटतं. मी म्हणते,
मग नुसतं पडून राहिलेल्या रिळाला तर काहीच होत नसेल.

तो माझ्याकडे बघतो,
शाळेत गणित चुकलं की बघायचा तसा.
"ते सगळ्यात आधी जातं, इर्मेली.
कोणी हात लावत नाही ना त्याला.
गोदामातली ओल बाहेरून आत येत राहते,
वेढ्यामागून वेढा,
आणि वरून ते अगदी नवं दिसतं."

मी सुई काढते. कापूस देते.
"किती वर्षांचं निघेल माझं?"
एकट्याचा आकडा सांगत नाहीत, मी म्हणते.
हजारोंच्या सरासरीत जातो तो.
"बरंय," तो म्हणतो. "तेवढीच सोबत."

नळी अजून कोमट आहे.
चिकटपट्टीवर नाव, क्रमांक, जन्मतारीख.
माझ्या तारखेहून अकरा दिवस पुढची.

पाच मिनिटं दाबून धर, म्हटलं होतं.
दुपारी जेवायला निघाले,
तर व्हरांड्यातल्या बाकावर तो तसाच,
कोट मांडीवर, बाही वर,
अंगठा कापसावर.
रक्त केव्हाच थांबलेलं.
"सांगितलंय तेवढं नीट करतोय," म्हणाला,
आणि माझ्यासाठी
जरा सरकून बसला.